कडू कुठे गेलं

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज कडू गेलं.

तापानंतर कामाचा पहिला दिवस. सकाळी नेहमीची जिभेची परीक्षा — चार पेले पाणी, त्यात विरघळवलेली एकेक चव. साखर, मीठ, लिंबाचं आम्ल, आणि कडूसाठी किनीन. कुठल्या पेल्यात काय ते ओळखायचं आणि मगच व्हिस्कीला हात लावायचा. बावीस वर्षं ओळखतेय. गोड ओळखलं. खारट ओळखलं. आंबटही. चौथा पेला प्यायले आणि वाटलं, आज कुणीतरी नुसतं पाणीच ठेवलंय. तेवढ्यात शेजारी साहेबांनी, आमच्या मुख्य चाखणाऱ्यांनी, त्यांचा चौथा पेला तोंडाला लावला आणि त्यांचं तोंड असं झालं, जणू कुणी त्यांचे पूर्वज काढले.

"आज जरा जास्तच पडलंय, नाही?" साहेब म्हणाले.

"जरासं," म्हटलं.

बावीस वर्षांत चवीबद्दल पहिल्यांदा खोटं बोलले. 'किनीन — ठीक' असं लिहून सही केली.

४ फेब्रुवारी, बुधवार

घरी प्रयोग केले. कॉफीची पूड, चमचाभर — भुसा. संत्र्याच्या सालीच्या आतला पांढरा भाग — कापूस. ब्रेड काळाकुट्ट होईपर्यंत भाजला — कोळसा, पण गोडसर कोळसा. शेवटी तापाची गोळी दाढेखाली धरून सावकाश चावली. खडू.

मागे वळून बघते तर सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"परत ताप आलाय?"

"नाही."

"मग गोळ्या काय चघळतेस? पेपरमिंट आहेत का?"

"सहज."

"सहज कुणी गोळ्या खातं का," असं दाराला म्हणाल्या आणि गेल्या.

आमचं बोलणं असंच. माझ्याविषयी, पण दाराला उद्देशून. त्यात त्यांचा दोष नाही, आमचं नातं कुठल्याच रकान्यात बसत नाही. नवरा नऊ वर्षांपूर्वी दुसरीकडे राहायला गेला. घटस्फोटात मला फ्लॅट मिळाला, लोखंडी कपाट मिळालं आणि सासू मिळाली. कागदावर नाही. पण तो सामान न्यायला आला तेव्हा सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, "मी सामान नाही," आणि बाहेर आल्याच नाहीत. तेव्हापासून आहेत. 'आई' म्हणायचं माझं सुटलं, दुसरं काही सुचलं नाही, म्हणून 'अहो' म्हणते. नवऱ्याला जन्मात कधी 'अहो' म्हटलं नव्हतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरकडे गेले. त्यांनी जीभ बाहेर काढायला लावली, मागून पुढून पाहिली, बॅटरी मारली.

"गोड लागतं? खारट लागतं? वास येतो?"

"सगळं. फक्त कडू नाही."

"मग तक्रार काय?"

माझं पोट त्यावर आहे म्हटलं. मी व्हिस्की चाखते, तिच्यातला कडूपणा बघते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ही तक्रार घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्या. बाकीचे उलट घेऊन येतात. तापात असं होतं कधी कधी. तीन महिन्यांत येईल परत.

"आणि नाही आलं तर?"

"तर औषधं घ्यायला सोपी जातील."

९ फेब्रुवारी, सोमवार

हॉटेलवाल्यांनी खोकीच्या खोकी परत पाठवली. आमचं तयार कॉकटेल, बाटलीतलं रॉब रॉय. नुसतं बर्फावर ओतायचं. स्कॉच, गोड व्हर्मूथ ही मसाल्याची वाइन आणि बिटर्सचे थेंब. बिटर्स म्हणजे मुळ्या-साली मद्यात मुरवून केलेला कडू अर्क. चिठ्ठीत एकच वाक्य: 'गिऱ्हाइकं अर्धा ग्लास ठेवून उठतात.'

मीटिंग. साहेब, मी आणि बारमन — कॉकटेलच्या सल्ल्यासाठी कंपनीने ठेवलेला. बारमन चिडलेला होता. "कडू असायलाच हवं. कडू नसलेलं कॉकटेल म्हणजे सरबत."

साहेब म्हणाले, "चांगलं कडू असतं आणि वाईट कडू असतं. हे वाईट आहे."

"फरक काय?" बारमन म्हणाला.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटून ग्लास हुंगला, घोट फिरवला, थुंकला. गोड. धूर. संत्रं. पुढे रस्ता बंद.

"फरक सूक्ष्म आहे," म्हटलं.

बिटर्स तपासले, ठीक. व्हर्मूथ ठीक. म्हणजे खोट व्हिस्कीतच. काही पिंपांत व्हिस्की गरजेपेक्षा जास्त वर्षं राहिली की लाकूड तिच्यात उतरतं. चहा जास्त उकळावा तसं. पिंपं एकतीस. त्यातली बिघडलेली शोधून काढायची, मार्च संपायच्या आत. हे काम माझं.

साहेब एप्रिलमध्ये निवृत्त होतायत. जाताना म्हणाले, "माझ्या खुर्चीत तुम्हीच बसणार. फक्त एवढं निस्तरा."

११ फेब्रुवारी, बुधवार

एकतीस ग्लास मांडले. निळ्या काचेचे, रंग दिसू नये म्हणून. प्रत्येकात निम्मं पाणी. सगळे चाखले. सगळे छान होते. एकतीसच्या एकतीस सज्जन.

अंदाजाने सहा आकड्यांवर फुल्या मारल्या. कागद फाडून टाकला. बाथरूममध्ये जाऊन बसले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नमुने घरी आणले. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांतून, फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारू नये म्हणून. त्याने विचारलंच. "एवढं औषध?" म्हटलं, घरी म्हातारं माणूस आहे.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून पहिली बाटली उघडली. ग्लासात ओतलं, पाणी घातलं, हुंगलं. सासूबाई समोर येऊन बसल्या. कधी बसत नाहीत.

"काय आजार झालाय तुला?"

"काही नाही झालेलं."

"गोळ्या चावतेस. आता ही औषधं आणलीस. मला सांगू नकोस हवं तर, पण मी आंधळी नाही." आणि माझ्या हातातला ग्लास घेऊन सरळ पिऊन टाकला.

शहात्तर वर्षांच्या बाई. आयुष्यात दारूचा थेंब नाही. मी उठून उभी राहिले. त्यांनी ग्लास खाली ठेवला, पदराने ओठ पुसले, डोळ्यांतलं पाणी पुसलं. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"कडू आहे," म्हणाल्या.

"कडू?"

"आधी गोड बोलतं. मग जाताना दारात उभं राहून टोमणा मारतं."

मी वही ओढली. बाटली नंबर सात. सातव्या पिंपात व्हिस्की सगळ्यांत जुनी आहे! उशिरा येणारा, लाकडाचा कडूपणा — हेच वर्णन मी स्वतः लिहिलं असतं. बरी असते तर.

दुसरी बाटली हुंगून त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी घोट घेतला.

"हे काही नाही. हे गरीब आहे."

सगळं सांगून टाकलं. ताप, चौथा पेला, साहेब, खुर्ची. नऊ वर्षांत सलग एवढं बोलले नसेन. त्या ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाल्या, "म्हणजे आजारी नाहीस."

"नाही."

"मग रोज किती आणशील?"

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पाच बाटल्या. आधी थुंकायला शिकवलं. त्यांना पटेना. "घरात थुंकायचं? आणि पाहुण्यासारखं ग्लासात ओतून?" शेवटी बादली आणली, वर वर्तमानपत्र झाकलं. दर घोटाला त्या वर्तमानपत्र बाजूला करतात, थुंकतात, परत झाकतात.

पद्धत ठरली. आधी मी हुंगते, घोटभर घेते, मग त्या.

नंबर अकरा: "हे उगाच कडू आहे. कारण काही नाही."
नंबर बारा: "कडू नाही. रुसलंय."
नंबर चार: "शिसपेन्सिलीचं टोक."

अकरा आणि चारपुढे फुली. बारापुढे प्रश्नचिन्ह. रुसलंय म्हणजे काय विचारलं तर म्हणाल्या, "थोडे दिवस कुणी लक्ष दिलं नाही की बरं होईल."

१६ फेब्रुवारी, सोमवार

वाट बघत बसल्या होत्या. टेबल पुसून, ग्लास उलटे मांडून, बादलीजवळ ताजं वर्तमानपत्र. मी चपला काढायच्या आत म्हणाल्या, "उशीर केलास."

तीस वर्षं तिकीटखिडकीवर होत्या. आठाच्या ठोक्याला खिडकी उघडायची. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांना कशासाठी तरी उशीर होत होता.

१८ फेब्रुवारी, बुधवार

घोळ झाला. घाईत अहवाल टाइप केला आणि नंबर सातपुढे, जिथे 'उशिरा जाणवणारा, लाकडातल्या टॅनिनचा कडूपणा' लिहायचं, तिथे वहीतलं जसंच्या तसं उतरलं: 'जाताना दारात उभं राहून टोमणा मारतं.'

साहेबांनी बोलावलं. वाटलं, संपलं. साहेब खिडकीपाशी उभे, हातात नंबर सातचा ग्लास. घोट घेतला. गिळला. वाट बघितली. मी पण वाट बघितली.

"मारला," साहेब म्हणाले. "टोमणा मारला. पस्तीस वर्षं मी याला टॅनिन म्हणत होतो."

डोळे भरून आले होते त्यांचे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांनी सगळ्या विभागाला नवीन शब्द वापरायचा हुकूम काढला. आज प्रयोगशाळेतली मुलगी यंत्राच्या कागदावर बघून म्हणाली, "ताई, नंबर अकरा उगाच आहे आणि यंत्रालाही तसंच वाटतंय." यंत्र लाकडाचा अंश मोजतं. चार, सात आणि अकरा, तिन्हींत भरमसाट. सासूबाईंचा एकही नमुना चुकलेला नाही.

घरी येऊन सांगितलं. "यंत्राला किती दिवस लागले?" त्यांनी विचारलं. एका पिंपाला दोन म्हटलं. "मंद आहे," म्हणाल्या.

२२ फेब्रुवारी, रविवार

माजी नवऱ्याचा फोन. दर रविवारी अकराला येतो, आईसाठी. आज सासूबाई बोलता बोलता म्हणाल्या, "ठेव आता, मला काम आहे." फोन माझ्याकडे आला. आईला कसलं काम आहे, त्याने विचारलं.

काय सांगणार? विणकाम, म्हटलं.

त्याने आता घर घेतलंय, पुढे आणि मागे बाग. आईची खोली तयार आहे म्हणतो. मार्चअखेर न्यायला येणार. "तूही मोकळी होशील," म्हणाला. समजूतदार आवाजात. तो समजूतदार आवाजात बोलला की मला भांडी घासावीशी वाटतात.

भांडी घासली.

१ मार्च, रविवार

फोन न करता तो स्वतःच आला.

दार मी उघडलं. सकाळचे अकरा. टेबलावर सहा ग्लास स्कॉच, मध्ये बादली, आणि आपल्या शहात्तर वर्षांच्या आईच्या हातात सातवा. तो दारातच थिजला. मग मला म्हणाला, "तू आईला दारू पाजतेस?"

"पिते कुठे," सासूबाई म्हणाल्या. "थुंकते." वर्तमानपत्र बाजूला करून दाखवलं.

"आई, काय चाललंय हे?"

"नोकरी."

तो खुर्चीत बसला. मी पाणी दिलं. त्याने ते आधी हुंगलं. मग बराच वेळ समजावत राहिला. वय, यकृत, लोक काय म्हणतील. बागेत गुलाब आहेत, दोन कुत्री आहेत, त्याची बायको स्वभावाने चांगली आहे. सासूबाई मान हलवत होत्या. मधेच मी सवयीने पुढचा ग्लास हुंगून त्यांच्याकडे सरकवला, त्यांनी घोट घेतला आणि त्याच मानेने म्हणाल्या, "तेवीस. हे कडू खरं आहे. हे ठेवा. याला कुणी शिकवलेलं नाही."

तो उठला. "एकोणतीस तारखेला येतो," म्हणाला. "बॅग भरून ठेव." मला जाताना, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." नऊ वर्षांपूर्वी हे वाक्य माझं होतं.

तो गेल्यावर सासूबाई कितीतरी वेळ ग्लास फिरवत बसल्या. मग विचारलं, "हे काम संपल्यावर दुसरं असेल ना?"

असेल म्हटलं. मला माहीत नव्हतं.

५ मार्च, गुरुवार

एकतीस पूर्ण. पाच पिंपं बाद. बारा नंबरचा रुसवा खरंच गेला, परत चाखून पाहिला.

१२ मार्च, गुरुवार

नवीन मिश्रण हॉटेलकडे गेलं होतं. आज चिठ्ठी आली: 'गिऱ्हाइकं उठत नाहीत. टेबलं रिकामी होत नाहीत. यावर काही उपाय?'

बारमन तर वेडा झालाय. बाद झालेली पाच पिंपं फेकायची नाहीत म्हणतो. नंबर सातमध्ये मध आणि संत्र्याच्या सालीचं तेल घालून त्याने एक ओल्ड फॅशन्ड कॉकटेल केलं आणि नाव ठेवलं 'टोमणा'. अकराचं कॉकटेल 'उगाच'. तिसरं 'रुसवा', त्याला तो ढवळत नाही, ग्लास ठेवून पाच मिनिटं निघून जातो. साहेबांनी मान्यता दिली. लेबलं छापायला गेली.

माझी जीभ? सकाळी परत गोळी चावली. खडूच.

१४ मार्च, शनिवार

साहेब घरी आले. शब्द कुठून येतात ते बघायचंय म्हणाले. मला खोटं सुचलं नाही. "घरात मदत करतात," असं म्हणून सासूबाईंकडे बोट दाखवलं.

साहेबांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक बाटली काढली. माझं आणि साहेबांचं एकमेकांकडे न बघणं चाललं होतं. मी ओतलं, हुंगलं, घोट घेतला, सासूबाईंपुढे ठेवलं. त्यांनी घेतला, वर्तमानपत्र उचललं, थुंकल्या, झाकलं.

"हे कडू असल्याचं नाटक करतंय," म्हणाल्या.

साहेब उभे राहिले. साध्या स्कॉचमध्ये त्यांनी मुद्दाम बिटर्सचे चार थेंब टाकले होते. जगात फक्त त्यांना माहीत होतं.

"बाई," ते म्हणाले, "पस्तीस वर्षं तुम्ही कुठे होता?"

"तिकीटखिडकीवर," सासूबाई म्हणाल्या.

१६ मार्च, सोमवार

कंपनी सासूबाईंना घेतेय. पद: कडूपणाच्या सल्लागार. अर्ज मी भरला, त्या सांगत गेल्या. शिक्षण, वय. 'या क्षेत्रातील पूर्वानुभव' या रकान्यात म्हणाल्या, "लिही, संसार."

'उमेदवाराशी नातं' असाही रकाना होता. मी पेन धरून बसले. शेवटी म्हणाल्या, "ते राहू दे कोरं. विचारलं तर सांगू, दोघी एकाच घरात राहतो."

एक औपचारिकता उरलीय. नियमाप्रमाणे प्रत्येक चाखणाऱ्याची परीक्षा व्हावी लागते. तेवीस तारखेला. साहेब म्हणाले, नुसता सोपस्कार आहे.

मुलाला फोन करून सासूबाईंनी सांगितलं, नोकरी लागली तर येणार नाही. तो म्हणाला, आणि नाही लागली तर? "तर येईन." असं ठरलं त्यांचं आपसात, मी दुसऱ्या खोलीतून ऐकलं.

१९ मार्च, गुरुवार

सासूबाई जेवत नाहीत नीट. परीक्षेची धास्ती का, विचारलं. नाही म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, तुम्हाला कसली भीती, तुमच्यासारखी जीभ कंपनीने पाहिलेली नाही. त्यांनी ताट उचललं आणि आत गेल्या.

भीती मला आहे. माझीही वार्षिक परीक्षा त्याच दिवशी.

२३ मार्च, सोमवार

परीक्षा झाली.

चाखायची खोली म्हणजे ओळीने लाकडी खोकी, प्रत्येकात एक माणूस मावेल एवढी जागा, मध्ये फळी. कुणी कुणाची नक्कल करू नये म्हणून. वर लाल दिवा, रंग कळू नये म्हणून. समोर छोटी खिडकी, तिच्यातून ग्लास येतात. सासूबाईंना खिडकी बघून बरं वाटेल असं मला वाटलं होतं. पण त्या फळीकडेच बघत होत्या. "ही कशाला?" म्हणाल्या. नियम आहे म्हटलं. पलीकडच्या खोक्यात मी बसले.

बारा ग्लास. त्यातले काही बिघडलेल्या पिंपांतले, काही चांगले. कडू की नाही, एवढंच लिहायचं. मी हुंगलं, चाखलं, नेहमीसारखं काही कळलं नाही, देवाचं नाव घेऊन फुल्या मारल्या. पलीकडून आवाज नव्हता. एकदाच ऐकू आलं, सासूबाई हळूच म्हणाल्या, "तू आहेस ना गं तिकडे?" परीक्षकाने शांत राहायला सांगितलं.

निकाल: मला बारापैकी पाच. सासूबाईंना चार.

प्रयोगशाळेतली मुलगी कागद उलटसुलट करून बघत होती. साहेबांनी चष्मा पुसला, परत वाचलं.

"अशक्य," म्हणाले. "या दोघी चुकतात आणि नमुने बरोबर असतात, असं कसं होईल?"

आणि साहेबांनी नमुने नापास केले. बाराच्या बारा ओतून टाकले. ग्लास बदलायला सांगितले, पाणी बदलायला सांगितलं, लाल दिवासुद्धा बदला म्हणाले. यंत्रही तपासायला पाठवलं. परीक्षा पुन्हा, शुक्रवारी.

बसमध्ये सासूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. मी म्हटलं, साहेब म्हणतात नमुन्यांतच काहीतरी होतं. त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

२४ मार्च, मंगळवार

कामावरून आले तर लोखंडी कपाट उघडं आणि पलंगावर त्यांची बॅग. घड्या घातलेले कपडे, वर चष्म्याची डबी.

"शुक्रवारी परत परीक्षा आहे," म्हटलं.

"तू दे."

"आणि तुम्ही?"

"गुलाब आहेत म्हणतो. कुत्री आहेत." मग दाराला म्हणाल्या, "कुत्र्यांना काय, कुणीही चालतं."

टेबलावर ग्लास मांडलेले नव्हते. मला जेवण गेलं नाही.

२५ मार्च, बुधवार

सकाळी सासूबाई समोर येऊन बसल्या. म्हणाल्या, "मला चार वर्षं झाली, कसलीच चव लागत नाही. गोड नाही, खारट नाही. कडू तर नाहीच."

मग एकतीस पिंपं?

"तुझ्या तोंडावर दिसायचं. ग्लास नाकाशी नेलास की तुझ्या ओठाचा डावा कोपरा खाली जायचा. किती गेला ते बघायचं आणि बोलायचं. परवा मध्ये फळी होती."

आधी का नाही सांगितलंत, विचारलं.

"नऊ वर्षांत तू पहिल्यांदा मला काही विचारत होतीस."

माझ्या जिभेने काम सोडलंय, हे माझ्या तोंडाला कुणी कळवलंच नव्हतं. बॅग रिकामी केली, कपडे कपाटात लावले. मग साहेबांना फोन करून सांगितलं, शुक्रवारी आम्ही दोघी येतोय, मधली फळी काढून ठेवा.